शैक्षणिक टीव्हीची जुनी बोधचिन्हं कॅसेटमधून नीट उतरतात का? सांगलीतल्या एका सेवेचं परीक्षण

सांगली स्टँडपासून चालत जाता येईल अशा एका व्हिडिओ स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगबरोबर जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवून देण्याचं काम चालतं. लग्नमुंजीच्या कॅसेटसाठी लोक तिथे जातात आणि समाधानाने परततात. हे परीक्षण मात्र एका वेगळ्या कामापुरतं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरी किंवा शाळेत टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले शैक्षणिक कार्यक्रम, आणि त्यातही कार्यक्रमाआधी येणारी बोधचिन्हं: दूरदर्शनचं फिरत आकार घेणारं चिन्ह, बालचित्रवाणी या शैक्षणिक कार्यक्रम करणाऱ्या पुण्याच्या संस्थेची सुरुवात, यूजीसीच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ या कार्यक्रमाची पाटी, इग्नूच्या पाठांचं शीर्षक. कार्यक्रमाची मूळ प्रत एखाद्या संस्थेच्या कपाटात असू शकते. पण त्या दिवशी कुठल्या चिन्हामागून कुठलं आलं, मध्ये किती वेळ काळा पडदा होता, निवेदिका काय म्हणाली, हे फक्त कुणीतरी घरी दाबलेल्या रेकॉर्डच्या बटणामुळे उरलेलं असतं.

निकाल आधीच सांगतो. यंत्रसामग्री चांगली, हाताळणी काळजीची, माणसं ऐकून घेणारी. पण काही न सांगता कॅसेट दिली तर मिळणारी फाईल बोधचिन्हाच्या दृष्टीने निकामी असते. पाचपैकी साडेतीन गुण. नेमकं सांगून काम करून घेतलं तर साडेचार.

आधी यंत्रांबद्दल. कॅसेट एस-व्हीएचएस प्लेअरवर चालवली जाते, तिथून एस-व्हिडिओ केबलने सिग्नल एका जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून फिरवला जातो आणि मग संगणकातल्या कॅप्चर कार्डाकडे जातो. मधल्या डीव्हीडी रेकॉर्डरवर काही रेकॉर्ड होत नाही. त्याचं काम प्रत्येक ओळ जागेवर बसवण्याचं. व्हीएचएसवर चित्राची प्रत्येक ओळ किंचित आधी किंवा उशिरा येते, त्यामुळे उभी रेघ थरथरते. चेहऱ्यावर ते चटकन दिसत नाही, काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या चिन्हाच्या कडेवर लगेच दिसतं. थेट साधी पिवळी (कंपोझिट) केबल लावून हजार-बाराशेच्या यूएसबी कॅप्चरने उतरवलेली फाईल आणि या मार्गाने उतरवलेली फाईल शेजारी ठेवली की फरक पहिल्याच चिन्हात कळतो. त्या स्वस्त यूएसबीत आणखी एक दुखणं असतं. सिग्नल जरा डळमळला की ती फ्रेम गाळते, आणि तासाभराने आवाज ओठांच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो. इथे तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटीही आवाज जागेवर होता.

आता खऱ्या अडचणीकडे. बोधचिन्ह कॅसेटच्या सर्वांत खराब भागात असतं. बहुतेक लोक नवी कॅसेट घालून सुरुवातीपासून रेकॉर्ड करायचे, म्हणजे चिन्ह आलं ते फितीच्या अगदी तोंडाशी. पुढे दर वेळी कॅसेट आत गेली की यंत्र नेमका तोच तुकडा बाहेर ओढून चित्र वाचणाऱ्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळणार. सुरकुत्या, कडा दुमडणं, धूळ, सगळं तिथेच. व्हीएचएसची फीत साध्या वेगात सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते. दहा सेकंदांचं बोधचिन्ह म्हणजे जेमतेम २३ सेंटीमीटर फीत. वीतभरापेक्षा थोडी जास्त. तेवढ्या तुकड्यावर एक आडवी घडी पडली असेल तर चिन्ह घडण्याच्या ऐन क्षणी पडद्यावर पांढरे फटकारे येतात, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाहीत.

त्यात भर यंत्राची. प्ले दाबल्यावर ड्रम आणि फितीचा वेग जुळायला दोन-तीन सेकंद जातात. या काळात बरेच प्लेअर आपणहून निळा पडदा दाखवतात, आणि त्या निळ्याखाली चिन्हाचा पहिला भाग वाया जातो. हा निळा पडदा मेन्यूतून बंद करता येतो. स्टुडिओत तो चालूच ठेवलेला होता, कारण लग्नाच्या कॅसेटमध्ये गिऱ्हाइकाला मुंग्या दिसल्या की ते तक्रार करतं. बंद करा म्हटल्यावर लगेच केला. मुंग्यांसकट चित्र आलं तरी त्यातून चिन्हाच्या दोन-चार फ्रेम हाती लागतात, निळ्यातून काहीच लागत नाही.

दुसरी सवय कात्रीची. संपादक सुरुवातीचा काळा पडदा, खरखर, अर्धवट आलेलं चिन्ह ‘कचरा’ समजून कापतो आणि निवेदनापासून फाईल सुरू करतो. त्याच्या दृष्टीने ते नीटनेटकं काम असतं. म्हणून पावतीवरच लिहून घ्यावं: सुरुवात-शेवट कापू नये, कॅप्चर आधी सुरू करून मग प्ले दाबावं. कॅसेट प्रथम एकदा पूर्ण पुढे नेऊन परत मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षं पडून सैल झालेल्या फितीचा ताण सारखा होतो. आणि पहिल्या मिनिटाचे तीन वेगळे टेक घ्यायला लावावेत. एकाच फितीवर दर वेळी वेगळ्या जागी फटकारे पडतात, त्यामुळे तीनपैकी एखादा टेक इतरांपेक्षा बराच स्वच्छ निघतो. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, याचा खास उल्लेख करायला हवा.

ही चिन्हं अशी का आहेत, हे माहीत असलं की काय तपासायचं तेही कळतं. भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत, आणि १९६१पासून तिथल्या शाळांसाठी धडे प्रसारित होऊ लागले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२चं. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं १९७६मध्ये, आणि आपल्याला ठाऊक असलेलं चिन्ह तेव्हाचं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देबाशिष भट्टाचार्य यांनी ते काढलं: मध्ये गोल, त्याला वरून-खालून कवेत घेणारे दोन वक्र आकार, एकूण भास डोळ्याचा. ते हलतं केलं तिथल्याच आर. एल. मिस्त्री यांनी. चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, फिरवत फिरवत टिपल्या आणि त्यातून मूळ आकार जुळून येतो असं दाखवलं. सुरावट पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. देशात रंगीत प्रसारण आलं १९८२मध्ये, म्हणजे हे चिन्ह जन्मलं काळ्या-पांढऱ्या पडद्यासाठी. म्हणूनच आकार जाड, कडा ठाशीव आणि पार्श्वभूमी मोकळी. अंधुक अँटेनावरही ते ओळखू यायचं.

शैक्षणिक वाहिन्यांच्या चिन्हांवर जगभर वर्गातल्या गरजेचा ठसा आहे. बीबीसीने १९५७मध्ये शाळांसाठी प्रसारण सुरू केलं, आणि पुढे कार्यक्रमाआधीच्या मिनिटात एक वर्तुळ तुकड्या-तुकड्याने कमी होत जायचं. १९७७ ते १९८३ या काळात त्या जागी ठिपक्यांचं कडं होतं, एकेक ठिपका विझत जायचा. शिक्षकाला टीव्ही लावायला, आवाज जुळवायला, मुलांना बसवायला तेवढा वेळ मिळे. अमेरिकेत ह्यूस्टनचं केयूएचटी हे पहिलं शैक्षणिक केंद्र २५ मे १९५३ला सुरू झालं. तिथे अडचण वेगळी होती. गावोगावची स्वतंत्र केंद्रं, त्यांना एका छत्राखाली आणणारी खूण हवी. एनईटी या आधीच्या शैक्षणिक जाळ्याची जागा ५ ऑक्टोबर १९७०ला पीबीएस या सार्वजनिक जाळ्याने घेतली, आणि १९७१मध्ये हर्ब लुबालिन यांच्याकडून तीन अक्षरांचं चिन्ह आलं, ज्यातलं पी हे अक्षर माणसाच्या चेहऱ्याची बाजू झालं. १९८४मध्ये चेर्मायेफ आणि गाइस्मार यांच्या कार्यालयाने तोच चेहरा अक्षरांपासून सुटा करून पुढे आणला. आपल्याकडे असा स्वतंत्र वाहिनीचा पर्याय नव्हता. शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनच्याच वेळेत बसायचे, म्हणून एका कार्यक्रमाआधी दोन-दोन चिन्हं यायची: आधी दूरदर्शनचं, मग ज्याने कार्यक्रम केला त्या संस्थेचं. उतरवलेल्या फाईलमध्ये ही जोडी अखंड आहे का, ते पाहायला हवं.

या जोडीतच तांत्रिक गोम आहे. आपल्या पॅल या प्रसारण पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. कॅमेऱ्याखाली चित्रागणिक टिपलेल्या चिन्हात दोन्ही अर्ध्या चित्रांत एकच क्षण असतो. स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक यंत्रावर सरकवलेल्या अक्षरांत मात्र प्रत्येक अर्धं चित्र वेगळा क्षण दाखवतं. या स्टुडिओचं ठरलेलं काम म्हणजे सगळं २५ फ्रेमच्या एमपी४मध्ये. त्यासाठी सॉफ्टवेअर दोन अर्ध्या चित्रांचं मिश्रण करतं. परिणाम: दूरदर्शनचं चिन्ह ठीकठाक, आणि लगेच मागून येणारी संस्थेची सरकती पाटी दुहेरी सावलीची, पुसट. तपासायला सोपं आहे. फाईल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा, चिन्ह हलत असताना थांबवा आणि कीबोर्डवरचं ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. अक्षरांच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. माहिती शाबूत आहे, ती नंतर नीट सोडवता येते. दोन पुसट अक्षरं एकावर एक दिसली तर माहिती गेली, ती परत येत नाही. म्हणून मागायचं ते असं: एक कच्ची फाईल, ७२० बाय ५७६, हफवायूव्ही किंवा एफएफव्ही१ या चित्रातलं काही न गाळता साठवणाऱ्या प्रकारात, अर्धी चित्रं न मिसळता. आणि पाहण्यासाठी दुसरी एमपी४, सेकंदाला ५० फ्रेमची. हे दोन्ही त्यांना करता येतं, मागितल्याशिवाय करत नाहीत.

मग गोलाची परीक्षा. दूरदर्शनच्या चिन्हातला मधला गोल ही फुकटची फूटपट्टी आहे. चित्र थांबवून पडद्यावर पट्टी लावा. रुंदी आणि उंची सारखी हवी. रुंदी सव्वापटीपेक्षा जास्त भरली तर ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलंय असं समजावं. आजचा टीव्ही भरून दिसावा म्हणून हा उद्योग होतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. ताणत नाहीत, वरून-खालून कापतात, आणि त्यात चिन्हाखालची अक्षरओळ जाते. ‘सत्यं शिवं सुंदरम्’ ही ओळ आहे की नाही, यावरून काळाचा अंदाज बांधणाऱ्यासाठी हे मोठं नुकसान आहे. दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला तर दुर्लक्ष करायला हरकत नाही, ७२० पिक्सेलमध्ये चित्राचा खरा भाग ७०२च्या आसपास असतो आणि काही सॉफ्टवेअर ते लक्षात घेत नाहीत. तळाशी सात-आठ ओळी वेड्यावाकड्या दिसतील. तो प्लेअर चित्र वाचताना एका हेडवरून दुसऱ्यावर जातो त्याचा ठसा, प्रत्येक व्हीएचएसवर असतो. कापायला लावू नका.

सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे स्टुडिओ आपलं नाव फाईलच्या सुरुवातीला पाच सेकंद लावतो आणि कोपऱ्यात पुसट खूणही ठेवतो. लग्नाच्या चित्रफितीत ते चालतं. इथे बोधचिन्हाच्या आधी दुसरंच बोधचिन्ह येतं आणि कोपऱ्यातली खूण नेमकी तिथे बसते जिथे नव्वदच्या दशकात वाहिन्यांच्या खुणा दिसू लागल्या. पुढे कुणी ही फाईल पाहून प्रसारणाचा काळ ठरवू लागला तर त्याची दिशाभूल होणार. काढायला सांगितलं तर काढतात. पण मुळात जुन्या प्रसारणावर ती छापूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आवाजाचं काम मात्र मनापासून आवडलं. दूरदर्शनच्या सुरावटीतला शहनाईचा लांब ठेवलेला सूर हा फितीच्या वेगाची सगळ्यात कडक परीक्षा घेतो. बोलण्यात वेग किंचित डगमगला तर कळत नाही, लांब सुरात लगेच लाटा येतात. इथे प्लेअरचा दाबरोलर, म्हणजे फीत दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक, बदललेला आहे आणि सूर सरळ राहतो. फक्त ‘नॉइज रिमूव्हल’ बंद करायला सांगा. सुरावट शांततेतून हळूहळू वर येते, आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर तो हलका प्रारंभ खरखर समजून गिळतं. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, न दाबलेला घ्यावा.

सांगलीत पुराचा विषय टाळता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरात कृष्णेचं पाणी ज्या घरांत-शाळांत शिरलं तिथल्या कॅसेटी अजून पोत्यात बांधून ठेवलेल्या सापडतात. अशी कॅसेट कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नये. गाळाचे कण हेड ओरखडतात आणि त्याच फेरीत फीतही. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं आणि गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. स्टुडिओ बुरशीची कॅसेट थेट चालवायला नकार देतो. तो नकार योग्यच आहे, कारण एका कॅसेटची बुरशी पुढच्या दहांना लागते. गाळाच्या कॅसेटसाठी ते कवच बदलून देतात: खालचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही रिळं उचलायची, फीत डिस्टिल्ड पाण्याने धुवायची, सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्यायची, आणि चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या कवचात बसवायची. ऊन आणि हेअर ड्रायर वर्ज्य, फीत आक्रसते आणि चित्र कायमचं वाकडं होतं. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला नको, क्षार राहतात. या कामाला ते आठवडा मागतात. घाई करू नये.

अपेक्षाही जमिनीवर ठेवाव्यात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षी ‘साइट’ प्रयोगात एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण जतच्या पलीकडचा, कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची अँटेना गावात उभी राहिली होती. त्या प्रसारणाची घरगुती कॅसेट मिळण्याची आशा धरू नका, तेव्हा आपल्याकडे घरात व्हीसीआर नव्हते. ते पसरले १९८२नंतर. सापडण्याजोगं ते १९८४पासूनचं: त्या वर्षी जानेवारीत पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली, १५ ऑगस्टला ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. ज्ञानदर्शन या शैक्षणिक वाहिनीचं चिन्ह दिसलं तर रेकॉर्डिंग २६ जानेवारी २०००नंतरचं. बालचित्रवाणी २०१७मध्ये बंद झाली, त्यामुळे तिच्या सुरुवातीची धून असलेली कोणतीही कॅसेट रद्दीत देण्याआधी एकदा तरी चालवून पाहायला हवी. कॅसेटवर ‘पिक्चर’ किंवा ‘क्रिकेट’ लिहिलं असलं तरी. लोक एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचे आणि जुन्या रेकॉर्डिंगचं शेपूट नव्याच्या मागे राहायचं. सिनेमा संपल्यावर बंद करू नका, फीत संपेपर्यंत चालू द्या, असं स्टुडिओला सांगावं लागतं. त्या शेपटातच चिन्हं सापडतात.

दर: साधी एमपी४ कॅसेटमागे ३०० रुपये, कच्च्या फाईलसह ५००, कवच बदलणं १५० जादा. डिस्क आपली न्यावी लागते. कच्ची फाईल तासाला तीसेक जीबी भरते, म्हणजे तीन तासांच्या एका कॅसेटला शंभर जीबीच्या आसपास जागा हवी. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन गेलात तर रिकाम्या हाती परत याल. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी, फॅट३२वर चार जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. एकदा नेमकी इथेच फाईलचे तुकडे झालेले दिसले आणि जोडावर काही फ्रेम गायब होत्या.

देण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या कण्यावरचा रेकॉर्डिंगचा प्लास्टिकचा दात मोडा, म्हणजे चुकून कुणी वर रेकॉर्ड करणार नाही. घेताना काउंटरवरच पहिलं मिनिट आणि शेवटची पाच मिनिटं पाहा, दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत. साताऱ्याहून पाठवायच्या असतील तर कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवून, सुती कापडात बांधून खोक्यात भराव्यात आणि पावतीच्या अटी वेगळ्या कागदावर आत टाकाव्यात. पार्सल पोचल्याचा फोन ते स्वतः करतात. पावसाळ्यात मात्र पाठवू नका. जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने फीत ड्रमला चिकटते, आणि फाटते ती नेहमी सुरुवातीलाच.